तुमची किल्ली कुणाच्या हाती?

आमचे सासरे, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात, जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीतून निवृत्त झाले त्याला आता बरीच वर्षे झाली. १९०४ साली उभ्या राहिलेल्या या कारखान्याच्या भोंग्यावर घमापूरच्या कितीतरी घरांची घड्याळे चालत आली आहेत. अण्णांचा स्वभावही तसाच, भोंग्यासारखा नेमका. विजेचे बिल कधी भरले, गॅसचे सिलिंडर कोणत्या तारखेला लावले, सगळे वहीत टिपलेले. अशा माणसाला आपल्याच पेन्शनच्या खात्याचे दार अडीच महिने उघडता येऊ नये, ही गोष्ट आम्हाला कुणालाच खरी वाटली नसती.

झाले असे. पेन्शनचा कारभार संगणकावर गेला तेव्हा अण्णा चौकाजवळच्या एका ऑनलाइन कामाच्या दुकानात गेले. दुकानदार मुलगा मोठा अदबीचा. त्याने अण्णांचा ई-मेल उघडून दिला, पेन्शनच्या संकेतस्थळावर नोंद करून दिली आणि म्हणाला, “बाबूजी, तुमचा फोन बहुतेक वेळा बंदच असतो. मी माझाच नंबर टाकतो, कोड आला तर तुमची धावपळ नको.” अण्णांना त्यात उपकारच वाटले. मुलाने एका लांबट रजिस्टरमध्ये अण्णांचे नाव, ई-मेल आणि पासवर्ड लिहून घेतला. त्या रजिस्टरमध्ये वरखाली शेजारपाजारच्या अनेकांची नावे होती, प्रत्येकापुढे त्याचा त्याचा पासवर्ड.

दोन वर्षांनी दुकान बंद झाले. अण्णांना आयकरासाठी पेन्शनचा तपशील हवा होता. जुना पासवर्ड मुदत संपल्यामुळे चालेना. नवा मिळवायचा तर त्याचा दुवा ई-मेलवर जाणार. ई-मेल उघडायचा तर कोड मोबाइलवर येणार आणि मोबाइल त्या मुलाचा. आम्ही त्या नंबरवर फोन केला तर कुणी अनोळखी बाई बोलल्या. हा नंबर त्यांना अलीकडेच मिळाला होता. मग कागदपत्रांच्या नकला, अर्ज, फोटो, रांगा. अडीच महिन्यांनी खाते हाती आले. पैसा एकही गेला नव्हता, म्हणून सगळ्यांनी सुस्कारा सोडला.

पण त्या रात्री जेवताना माझ्या मुलीने विचारले, “आजोबा, ते रजिस्टर आता कुठे आहे हो?”

अण्णांचा घास हातातच राहिला. कारण त्या रजिस्टरमध्ये जो पासवर्ड लिहिला होता तोच त्यांच्या बँकेचाही होता. नातीचे नाव आणि तिचे जन्मवर्ष. रजिस्टर रद्दीत गेले असेल, भेळेच्या पुड्यांत गेले असेल किंवा कुणाच्या कपाटात सुखरूप असेल. ते आम्हाला आजही कळलेले नाही.

चोर कुलूप फोडत नाही

पासवर्डची चोरी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे पळवणारा कुणी अद्‌भुत बुद्धीचा तरुण येतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा चोर कुलूप फोडत नाही. आपणच किल्ली देतो.

पुण्यातले २००५ सालचे प्रकरण अनेकांना आठवत असेल. एम्फसिस कंपनीच्या कॉल सेंटरमधील काही आजी-माजी कर्मचाऱ्यांनी अमेरिकेतील सिटी बँकेच्या ग्राहकांशी फोनवर गोड बोलून त्यांचा विश्वास मिळवला, त्यांच्याकडून गुप्त क्रमांक काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यात उघडलेल्या खात्यांमध्ये वळवले. अशा कार्यालयांत आत-बाहेर करताना झडती होते. त्यामुळे आकडे डोक्यात ठेवून बाहेर आणले असावेत, असा तपासातला अंदाज होता. सर्व यंत्रणा शाबूत होत्या, दारावर पहारेकरी होते. ग्राहकाने ‘मदत करणाऱ्या’ गोड आवाजाला आपला क्रमांक सांगितला, एवढेच.

दुसरे प्रकरणही पुण्याचेच. वाहनांशी संबंधित व्यवसाय असलेल्या एका कंपनीच्या प्रमुखांना बँकेच्या नावाने एक ई-मेल आला. तो खोटा होता. त्यांनी त्याला उत्तर दिले आणि पंजाब नॅशनल बँकेतील त्यांच्या खात्यातून ८० लाख १० हजार रुपये निघून गेले. तक्रार माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली राज्याचे तत्कालीन माहिती तंत्रज्ञान सचिव राजेश अग्रवाल यांच्यापुढे चालली. २०१३ मध्ये त्यांनी बँकेने ४५ लाख रुपये भरपाई द्यावी असा आदेश दिला. ज्या खात्यांमध्ये पैसे वळवले गेले ती उघडताना बँकेने पुरेशी दक्षता घेतली नव्हती, हा बँकेचा दोष. पण ग्राहकाने खोट्या पत्राला उत्तर दिले, म्हणून नुकसानीचा वाटा त्यालाही उचलावा लागला. या निकालातला हा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पासवर्ड हातचा गेला की कायदाही आपल्या बाजूने पूर्ण उभा राहात नाही.

एक किल्ली, दहा कुलपे

आता नातीच्या नावाकडे वळू. नातीचे नाव पासवर्ड म्हणून ठेवण्यात प्रेम आहे, ते कुणी नाकारत नाही. परंतु तिचा वाढदिवस आपण सगळ्या नातेवाइकांना केकच्या फोटोसकट कळवलेला असतो. अंदाज करणाऱ्याला आणखी काय हवे?

लोक काय पासवर्ड ठेवतात, हे जगाला पहिल्यांदा ढळढळीत दिसले ते २००९ च्या डिसेंबरमध्ये. रॉकयू नावाच्या अमेरिकन कंपनीकडून सुमारे सव्वातीन कोटी पासवर्ड चोरीला गेले आणि कंपनीने ते जसेच्या तसे, उघड्या अक्षरांत साठवलेले होते. सर्वांत लाडका पासवर्ड निघाला १२३४५६. जवळपास २ लाख ९० हजार लोकांनी तोच ठेवला होता. आपल्याकडेही निराळे नाही. नॉर्डपास ही कंपनी दरवर्षी अशा याद्या काढते. त्यांत भारताच्या यादीत ‘इंडिया अ‍ॅट १२३’ मानाने विराजमान असतो. देवादिकांची नावे, सिनेनटांची नावे, ‘आय लव्ह यू’, हे सारे चोरांच्या याद्यांत केव्हाचे जाऊन बसले आहे. ‘आमचा गणपती इंग्रजी चोराला कसा कळणार?’ असे एक काकू मला म्हणाल्या. त्यांना सांगितले, चोर इंग्रजी असला पाहिजे असे कुठे आहे?

यापेक्षाही मोठा धोका म्हणजे एकच पासवर्ड सगळीकडे वापरणे. हे लिहिताना माझीही मान खाली जाते, कारण अण्णांचे प्रकरण होईपर्यंत किराणा मागवण्याच्या संकेतस्थळाचा, मुलीच्या शाळेच्या फीचा आणि ई-मेलचा माझा पासवर्ड एकच होता. २०२० मध्ये बिगबास्केट या किराणा पुरवणाऱ्या कंपनीच्या सुमारे दोन कोटी ग्राहकांची माहिती चोरीला गेली. किराण्याच्या यादीत काय चोरायचे, असे आपण म्हणू. पण चोराला डाळ-तांदळाशी देणेघेणे नसते. त्याला मिळतो ई-मेलचा पत्ता आणि पासवर्डचे सांकेतिक रूप. ते उलगडले की तीच जोडी तो ई-मेलला लावून पाहतो, बँकेला लावून पाहतो, खरेदीच्या दुकानांना लावून पाहतो. हे काम माणूस करीत नाही, यंत्र करते आणि यंत्र कंटाळत नाही.

म्हणून सर्वांत आधी ई-मेलचा पासवर्ड वेगळा करा. बँकेच्याही आधी. कारण बाकी सगळ्या खात्यांचा ‘पासवर्ड विसरलात का?’ हा रस्ता ई-मेलच्या अंगणातूनच जातो. ज्याच्या हाती ई-मेल, त्याच्या हाती घर.

किचकट की लांब?

‘एक मोठे अक्षर, एक आकडा, एक चिन्ह घाला आणि दर तीन महिन्यांनी बदला’ हा मंत्र आपण सर्वांनी ऐकलेला आहे. तो आला कुठून याची कथा गमतीची आहे. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या संस्थेतील बिल बर यांनी २००३ मध्ये यासंबंधी मार्गदर्शन लिहिले आणि ते जगभर वेदवाक्य ठरले. १४ वर्षांनी, निवृत्तीनंतर, त्यांनीच वॉल स्ट्रीट जर्नलपाशी कबूल केले की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. कारण माणूस नियमाला पळवाट शोधतो. ‘बदला’ म्हटले की शेवटचा १ काढून २ करतो. ‘चिन्ह घाला’ म्हटले की ए च्या जागी अ‍ॅट लिहितो. चोराला या सवयी आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतात. २०१७ मध्ये त्या संस्थेने नियम बदलले. विनाकारण ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, लांबी महत्त्वाची, आणि चोरीच्या याद्यांत सापडलेला पासवर्ड मात्र स्वीकारू नका, असा नवा रोख आहे.

लांबी का महत्त्वाची, हे स्वयंपाकघरातल्या हिशोबाने पाहू. फक्त लहान इंग्रजी अक्षरांचा आठ अक्षरी पासवर्ड घेतला तर एकूण २०,८८२ कोटी शक्यता होतात. केवढा आकडा! पण कंपनीने पासवर्ड निष्काळजीपणे साठवले असतील आणि ते चोरीला गेले, तर आजची यंत्रे सेकंदाला हजार कोटी अंदाज सहज करतात. म्हणजे एकवीस सेकंद. चहाला उकळीही येणार नाही.

आता सुमारे पावणेआठ हजार शब्दांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाच शब्द निवडा आणि ते ओळीने लिहा. त्याच यंत्राला सगळ्या शक्यता तपासायला नव्वद वर्षे लागतील. चार शब्दांना मात्र चारच दिवस लागतात. एका शब्दाने चार दिवसांची नव्वद वर्षे होतात, हा हिशोब मी दोनदा करून पाहिला.

अट एकच. शब्द नशिबाने निवडलेले हवेत, मनाने नव्हे. मनाने निवडले की आई, देव, गाव आणि आंबा येणारच. घरातला जाडजूड शब्दकोश घ्या, डोळे मिटून पान उघडा, बोट ठेवा. समजा ‘खलबत्ता’, ‘वादळ’, ‘अंगठी’, ‘भोपळा’, ‘टपाल’ असे आले (हे आता छापले गेले, तेव्हा कृपा करून हेच ठेवू नका), तर ते रोमन अक्षरांत लिहायचे. डोळ्यांपुढे चित्र उभे करा: वादळात खलबत्ता उडाला, अंगठी भोपळ्यात पडली आणि भोपळा टपालाने आला. असले वेडगळ चित्र विसरू म्हटले तरी विसरत नाही. स्पेलिंग मात्र एकच ठरवा. ‘वादळ’ला आज व्ही आणि उद्या डब्ल्यू लिहिलात तर तुम्हीच दाराबाहेर. म्हणी, अभंगाची ओळ, गाण्याचे धृपद नको. जे सगळ्यांना पाठ असते ते यंत्रालाही पाठ करवता येते. आपल्याकडची पुष्कळ संकेतस्थळे अजून जुन्याच नियमांना धरून आहेत, लांबी तोडतात आणि चिन्ह मागतात. तेथे थोडे शब्द घेऊन त्यांचा आकडा-चिन्हाचा हट्ट पुरवावा. वाद घालून उपयोग नाही.

येथे एक तक्रार नोंदवावीशी वाटते. ई-आधारची जी फाइल आपण उतरवून घेतो, तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मवर्ष. अनेक बँका आपला खातेउतारा अशाच नमुन्याच्या पासवर्डने पाठवतात. सोय आहे हे खरे. पण त्यामुळे घराघरांत असा समज पसरला आहे की पासवर्ड असाच असतो. अण्णांनाही नातीचे नाव आणि वर्ष हा नमुना तिथूनच सुचला होता.

चार आकड्यांचे कोडे

‘मग यूपीआयचा पिन चार किंवा सहाच आकड्यांचा कसा चालतो?’ असा प्रश्न कुणालाही पडेल. तो चालतो कारण तेथे अंदाज करायला अमाप संधी नसते. काही चुका झाल्या की दार बंद होते आणि शिवाय तुमचा फोन आणि त्यातले सिमकार्ड हाताशी लागते. चार आकड्यांच्या दहा हजार शक्यता असतात. पण जन्मवर्ष ठेवले की त्या साठ-सत्तरच उरतात आणि त्यातही पाकिटात आधारकार्ड असले की एकच. आणखी एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला बजावून ठेवावी: पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. ‘पैसे पाठवतो, पिन टाका’ म्हणणारा पैसे नेणारा असतो.

पासवर्डच्या जोडीला दुसरे कुलूप लावण्याची सोय आज बहुतेक ठिकाणी आहे. कार्डाने ऑनलाइन खरेदी करताना ही जादा पडताळणी रिझर्व्ह बँकेने २००९ मध्येच सक्तीची केली होती. ई-मेललाही ती स्वतःहून लावून घ्या. मात्र येणारा कोड हा दुसऱ्याला वाचून दाखवण्यासाठी नसतो. बँकेचा, पोलिसांचा, विजेच्या कंपनीचा, कुणाचाही फोन असो.

वही ठेवावी का?

प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड म्हटले की लगेच प्रश्न येतो, एवढे लक्षात कसे ठेवायचे? ठेवू नका. फोनमध्ये किंवा ब्राउझरमध्ये पासवर्ड सांभाळणारी तिजोरी असते. गूगलची आहे, अ‍ॅपलची आहे, बिटवर्डनसारखी स्वतंत्रही आहे. ती प्रत्येक ठिकाणी नवा, कुणाला उच्चारताही न येणारा पासवर्ड बनवते आणि स्वतःच भरते. तिचा एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. बँकेसारखे दिसणारे खोटे संकेतस्थळ आपल्या डोळ्यांना फसवते, पण तिजोरी पत्ता पाहते. पत्ता एका अक्षराने वेगळा असला तरी ती पासवर्ड भरत नाही. ती अडली की आपणही थांबायचे. अर्थात तिजोरीही निर्दोष नसते. २०२२ मध्ये लास्टपास या कंपनीकडून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या सांकेतिक प्रती चोरीला गेल्या. ज्यांची मुख्य किल्ली लांब होती ते निश्चिंत, ज्यांची तोकडी होती त्यांना धास्ती. त्या मुख्य किल्लीसाठीच शब्दकोशातले पाच शब्द.

ज्यांना हे जमणार नाही त्यांनी वही ठेवावी. हो, कागदाची वही. तज्ज्ञ नाक मुरडतील, पण हजारो कोस दूर बसलेल्या चोराला तुमच्या कपाटातली वही दिसत नाही. फक्त ती वही घराची असावी, दुकानाची नव्हे. पिशवीतून फिरू नये, तिचा फोटो काढून कुणाला पाठवू नये आणि तिच्यात यूपीआयचा पिन लिहू नये.

दुकानात काम करून घ्यावेच लागते, यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण नोंदणी करताना मोबाइल नंबर आपला, ई-मेल आपला आणि पासवर्ड आपल्याच बोटांनी टाकलेला असावा. दुकानाच्या संगणकावर ‘लक्षात ठेवू का?’ असे विचारले तर ‘नाही’ म्हणावे आणि बाहेर पडताना लॉग आउट झाल्याची खात्री करावी. घरी येऊन पासवर्ड बदलावा. दुकानदार वाईट असतो म्हणून नव्हे. आमचा तो मुलगाही वाईट नव्हता.

एवढे करूनही पैसे गेलेच तर रडत बसण्याआधी १९३० हा क्रमांक फिरवावा आणि बँकेला कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरवले की चूक बँकेचीही नसेल आणि ग्राहकाचीही नसेल, तर बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर नुकसानीचा भार पडू नये. स्वतःच गुप्त माहिती दिली असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान आपले. म्हणजे दोन्ही परिस्थितींत तास मोजायचे असतात. ‘मुलगा संध्याकाळी येईल, मग बघू’ यात रक्कम चार खाती ओलांडून पुढे जाते.

पाकीट

हे सारे अण्णांना समजावून झाल्यावर सासूबाईंनी, ज्या इतका वेळ गवार निवडत होत्या, एकच प्रश्न केला. “एवढे गुप्त करून ठेवाल, पण उद्या तुम्हाला काही झाले तर मला कोण सांगणार?”

बोलणे कडू होते, पण खरे होते. आमच्या ओळखीत एका बाईंना पती गेल्यावर त्यांचा फोनही उघडता आला नव्हता. त्यात नातवंडांचे फोटो होते आणि कुठे किती ठेवले आहे याचा हिशोबही. पतीच्या पासवर्डने त्यांच्या पश्चात बँकेतले पैसे काढणे योग्य नव्हे. त्यासाठी नामनिर्देशन असते आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नावे देता येतात. परंतु खाते आहे हेच ठाऊक नसेल तर दावा कशावर करणार? रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ अशाच विसरलेल्या ठेवी शोधण्यासाठी सुरू केले. गूगलमध्ये ठरावीक काळ खाते वापरले गेले नाही तर आपण नेमलेल्या माणसाला कळवण्याची सोय २०१३ पासून आहे. ती अण्णांच्या खात्यात आम्ही सासूबाईंच्या नावे लावली.

शिवाय एक लाखेचे पाकीट केले. त्यात फोन उघडण्याचा आकडा, तिजोरीची मुख्य किल्ली आणि कुठल्या बँकेत काय आहे याची यादी. ते सासूबाईंच्या पेटीत, शालूच्या घडीत आहे. पाकीट फुटले की नवे शब्द ठरवायचे, असा करार झाला आहे.

शब्द निवडण्याचे काम मात्र अण्णांनी एकट्याने केले. जुना शब्दकोश घेऊन ते दुपारी खोलीत बसले, दार लावून. अर्ध्या तासाने स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि चष्मा पुसत म्हणाले, “सूनबाई, ‘डहाळी’ आणि ‘ढाळा’ यांत नेमका फरक काय गं?” मी उत्तर देण्यापूर्वीच त्यांच्या लक्षात आले. दोन क्षण माझ्याकडे पाहात राहिले, मग काही न बोलता परत गेले आणि आतून शब्दकोशाचे पान पुन्हा उलटल्याचा आवाज आला.